पिंग लागत नाही? फ्रेम बघा: टीसीपीडम्पने कच्चं इथरनेट पकडताना

नागपूरजवळच्या बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या एमआयडीसीत पीएलसीला (मशीन चालवणाऱ्या औद्योगिक कंट्रोलरला) एखादा ड्राइव्ह, म्हणजे मोटर चालवणारं उपकरण, सापडेनासा झाला, की पहिला हात पिंगकडे, म्हणजे आयपी पत्त्यावर हाक मारून बघण्याकडे, जातो. पण प्रोफिनेटमध्ये (कारखान्यातल्या यंत्रांच्या इथरनेट नेटवर्कमध्ये) यंत्राची विचारपूस आयपीच्या आधी, नावावरून होते, आणि ती थेट इथरनेट फ्रेममध्ये, म्हणजे तारेवरून जाणाऱ्या मूळ पाकिटात, चालते. त्या फ्रेमचा टाइप क्रमांक (हेक्समध्ये) ८८९२. ड्राइव्हला अजून आयपीच मिळाला नसेल, तर पिंग काय सांगणार? अशा वेळी लिनक्सचा लॅपटॉप आणि टीसीपीडम्प, म्हणजे नेटवर्कवरच्या फ्रेम पकडून दाखवणारी आज्ञा, पुरेसं आहे.

खालच्या आज्ञा उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन छोट्या अक्षरांत टाइप करा. मोठं अक्षर लागेल तिथे तसं सांगितलं आहे.

आधी जागा. लॅपटॉप स्विचच्या कुठल्याही मोकळ्या पोर्टला लावला, तर फक्त ब्रॉडकास्ट (सगळ्यांसाठीच्या), मल्टिकास्ट (एका गटासाठीच्या) आणि लॅपटॉपच्याच पत्त्यावर आलेल्या फ्रेम दिसतात. पीएलसीचा ‘या नावाचा कोण आहे?’ हा प्रश्न मल्टिकास्ट असल्यामुळे दिसेल, पण ड्राइव्हचं उत्तर थेट पीएलसीकडे जातं. ते दिसणार नाही. म्हणून मॅनेज्ड स्विचवर पीएलसीच्या पोर्टचं मिररिंग (त्यावरच्या फ्रेमची प्रत दुसऱ्या पोर्टला पाठवणं) लावा आणि लॅपटॉप मिरर पोर्टला जोडा. साधा स्विच असेल, तर अर्धंच संभाषण हाती आहे हे धरूनच पुढे चला.

‘सुडो टीसीपीडम्प -डी’ (डी मोठा) दिल्यावर कार्डांची यादी येते. वायरचं कार्ड निवडा, समजा ‘ईएनपी२एस०’. यादीतल्या ‘एनी’च्या मोहात पडू नका: त्यात खरं इथरनेट हेडर मिळत नाही, त्याजागी लिनक्सचं स्वतःचं हेडर येतं. आता पकडायला सुरुवात:

‘सुडो टीसीपीडम्प -आय ईएनपी२एस० -डब्ल्यू /टीएमपी/पॅनल१.पीकॅप’

‘परमिशन डिनाइड’ आलं तर दचकू नका. बऱ्याच लिनक्समध्ये टीसीपीडम्प फाइल उघडण्याआधीच रूटचे अधिकार सोडून देतं, मग तुमच्या होम फोल्डरमध्ये त्याला लिहिता येत नाही. म्हणूनच वर ‘टीएमपी’ दिलं आहे. कॅप्चर चालू झाल्यावर, मशीन थांबलेलं आहे याची खात्री करून, ड्राइव्ह बंद-चालू करा. मिनिटभर थांबा, मग कंट्रोल-सी.

शेवटी तीन आकडे छापले जातात. ‘ड्रॉप्ड बाय कर्नल’ शून्य नसेल, तर ‘-बी ८१९२’ (बी मोठा) जोडून पुन्हा पकडा. बफर ८ एमबी होतो. दोष दिवसातून एकदाच येत असेल, तर ‘-सी १०० -डब्ल्यू १०’, दोन्ही अक्षरं मोठी, हेही जोडा: सुमारे १०० एमबीच्या दहा फाइली आळीपाळीने भरतात, डिस्क तुडुंब होत नाही. लॅपटॉप मात्र बंद पॅनलमध्ये ठेवून जाऊ नका. नागपुरात मे महिन्यात बाहेरच तापमान ४५ अंशांपर्यंत जातं.

वाचायला:

‘टीसीपीडम्प -आर /टीएमपी/पॅनल१.पीकॅप -ई -एन -एक्सएक्स’

एक्स दोन्ही मोठे. एकच एक्स दिलात तर इथरनेट हेडर गाळून बाकीचं दिसतं. पहिले ६ बाइट कुणाकडे, पुढचे ६ कुणाकडून, मग २ बाइट टाइप. पीएलसीच्या प्रश्नाची ओळ ‘०१०ई सीएफ०० ००००’ने सुरू होते. तेराव्या-चौदाव्या बाइटला ८८९२ सापडेल. ८१०० असेल तर तो व्हीलॅन टॅग (एकाच तारेवरची वेगवेगळी नेटवर्क ओळखण्याची चिठ्ठी), आणि ८८९२ चार बाइट पुढे सरकलेला असतो. त्यानंतर ‘एफईएफई’ म्हणजे प्रश्न, ‘एफईएफएफ’ म्हणजे उत्तर. आता उजवीकडचा अक्षरांचा रकाना वाचा. पीएलसी ‘कन्व्हेयर-१’ला हाका मारतोय, हे तिथे उघड्या डोळ्यांनी दिसतं. ड्राइव्हमध्ये ‘कन्व्हेयर१’ भरलेलं असेल, तर तो उत्तरच देणार नाही, म्हणून हे नाव ड्राइव्हमध्ये भरलेल्या नावाशी ताडून बघा. ड्राइव्ह बदलल्यावर नाव भरायचं राहून जाणं, हे तर नेहमीचंच.

पकडताना गाळणी (हव्या तेवढ्याच फ्रेम निवडणारी फिल्टरची अट) लावू नका. व्हीलॅन टॅग कार्डात किंवा कर्नलमध्ये वेगळा काढला जातो, त्यामुळे चालू कॅप्चरवर जुळलेली गाळणी फाइलवर जुळेलच असं नाही. सगळं पकडा, मग वाचताना ‘ईथर प्रोटो ०एक्स८८९२ ऑर (व्हीलॅन अँड ईथर प्रोटो ०एक्स८८९२)’ अवतरणात द्या. ‘व्हीलॅन’ शेवटीच हवं, कारण तो शब्द आला की पुढची सगळी मोजणी चार बाइटने सरकते.

लांबीवरून गोंधळ होतो. इथरनेटची किमान फ्रेम ६४ बाइटची, पण शेवटचे ४ चेकसमचे बाइट कार्ड सहसा कापून घेतं, म्हणून ६० दिसतात. तुमच्याच लॅपटॉपची एआरपी फ्रेम (आयपीवरून कार्डाचा पत्ता विचारणारी) ४२ दिसेल. किमान लांबी गाठायला लागणारा भरणा तारेवर जाताना होतो. टीसीपीच्या १५१४हून मोठ्या फ्रेम दिसल्या, तर ‘सुडो ईथटूल -के ईएनपी२एस० जीआरओ ऑफ’ (के मोठा) द्या. कर्नल तुकडे जोडून दाखवत होता.

नाव जुळतंय, प्रश्न जातोय, तरी उत्तर नाही, असं असेल तर टीसीपीडम्पचं काम संपलं. चेकसम बिघडलेली फ्रेम स्विच वाटेतच टाकून देतो, ती कॅप्चरमध्ये येतच नाही. ड्राइव्ह ज्या पोर्टला लागला आहे, त्याचा सीआरसी (म्हणजे चेकसम) एररचा आकडा स्विचच्या वेब-पानावर बघा. मशीन चालू असताना तो वाढत असेल, तर मोटरच्या पॉवर केबलला खेटून गेलेली नेटवर्क केबल आणि तिच्या शील्डचं अर्थिंग तपासा.