चालण्याची रोजकीर्द : अजिंक्यताऱ्याच्या वाटेवर आयुष्याचा हिशेब कसा मांडावा

साताऱ्यातल्या एका पतसंस्थेत मी 34 वर्षं हिशेब लिहिले. दिवस संपायच्या आत ताळा जमलाच पाहिजे, ही सवय अंगात मुरलेली. निवृत्त झाल्यावर पहिले काही महिने संध्याकाळचे सहा वाजले की जीव कासावीस व्हायचा, काहीतरी जुळवायचं राहून गेलंय असं वाटायचं. त्याच दिवसांत मी अजिंक्यताऱ्यावर चालायला जाऊ लागले. आपलं जगणं नेमकं कशानं भरल्यासारखं वाटतं, हा प्रश्न मला तिथे सापडला आणि त्याची वही ठेवायलाही मी तिथेच शिकले. ती पद्धत इथे सांगते. तुमच्या गावाला गड नसेल तर टेकडी, नदीकाठ, उसाच्या मधला गाडीरस्ता, काहीही चालेल.

आधी वाट ठरवा आणि बदलू नका. मी अदालतवाड्यापासून डांबरी रस्त्याने चढते, दरवाज्यातून आत गेलं की मारुतीला हात जोडते, पुढे मंगळाईच्या देवळापर्यंत जाते आणि त्याच वाटेने परत. रोज नवी वाट धरली तर सगळं लक्ष वाटेतच जातं. एकाच वाटेवर मात्र करवंदीला पांढरी फुलं कधी आली, हिरवी करवंदं कधी धरली, हे न शोधता दिसतं. बाहेरचे बदल असे दिसायला लागले की माणसाला स्वतःतलेही दिसू लागतात, हा माझा अनुभव आहे.

एकटं जा. मैत्रिणीबरोबर चालणं फार छान असतं, पण ते वेगळ्या दिवशी. कानात काही घालू नका, फोन पिशवीत तळाशी ठेवा. उजाडल्याशिवाय निघू नका, बिबट्याचा वावर कानावर आला असेल तर मुळीच नाही. पावसाळ्यात शेवाळलेल्या पायऱ्यांवर धरून चालायला काठी घ्या. खिशात पेन्सिल आणि हाताएवढी वही हवी. पेन्सिलच, कारण पावसात शाई फुटते.

आता महत्त्वाचं. चढताना काहीही ठरवू नका. सुरुवातीला मी चढ लागला की विचार करायला बसायचे आणि वर पोहोचेपर्यंत मनात नुसत्या तक्रारी साचायच्या. सुनेचं बोलणं, विजेचं बिल, दुखरा गुडघा. आठवडाभर हे लिहून पाहिलं, सातही दिवस तेच! दम लागलेला असताना मन कुरकुरच करतं, त्याला जबाब मागू नये. चढताना फक्त पावलं मोजा, शंभर झाली की पुन्हा एकपासून.

वर पोहोचलात की दहा मिनिटं बसा आणि एकच गोष्ट पाहा. समोर सज्जनगड, यवतेश्वर, जरंडा, खाली सगळं सातारा, नजर धावतच राहते. तिला जवळ आणा. गेल्या वर्षी पहिला पाऊस होऊन गेल्यावर मी ज्या दगडावर बसते त्याच्या पायाशी मुंग्यांचं घर दिसलं. मधे भोक आणि त्याच्याभोवती मातीच्या बारीक भिंतींची कडी, एकात एक, उमललेल्या फुलासारखी. एक मुंगी आतून मातीचा कण तोंडात धरून आली, पहिली भिंत चढली, उतरली, दुसरी चढली आणि तिसऱ्या भिंतीच्या माथ्यावर कण ठेवून परत फिरली. ठेवल्यावर तिने तो पायाने जरासा दाबला. मी वीसेक कण मोजले. गडाच्या तटात बसून तट बांधताना पाहत होते. त्या दिवशी उतरताना मन इतकं निवळ होतं की प्रश्न विचारायच्या आधीच उत्तर आलं.

प्रश्न उतरतानाच विचारायचा. 'माझं आयुष्य सार्थकी लागलं का' असा मोठा प्रश्न नको, त्याला पाठ केलेलीच उत्तरं येतात. असं विचारा : काल जीव कशात रमला? तेव्हा हात काय करत होते? समोर कोण होतं? खाली पोहोचल्यावर पारावर, कट्ट्यावर, जिथे जागा मिळेल तिथे उभ्या उभ्या एक ओळ लिहा. ही तुमची रोजकीर्द, म्हणजे रोजच्या नोंदींची वही.

ओळीत 'आनंद झाला', 'बरं वाटलं' असलं लिहू नका. आमच्याकडे 'किरकोळ खर्च' लिहिलं की लेखापरीक्षक बोट ठेवून विचारायचे, किरकोळ म्हणजे काय? तसंच स्वतःला विचारा. माझ्या वहीतल्या ओळी अशा आहेत : 'नव्या माठात पहिलं पाणी भरलं, मातीचा वास आला.' 'आईच्या डोक्याला तेल लावलं, ती बसल्या बसल्या झोपली.' 'शेजारच्या मुलीला ताळेबंद समजावला, तिला उमगलं ते डोळ्यांत दिसलं.'

काही सुचलंच नाही तर तारीख घालून शून्य लिहा. पान कोरं सोडू नका. आई गेली त्या मार्गशीर्षात माझ्या वहीत सलग 19 शून्यं आहेत. पायऱ्यांवर रडतही उतरले आहे, थांबवलं नाही. विसाव्या दिवशी लिहिलंय, 'तुळशीला पाणी घालताना आईसारखीच गुणगुणले.'

महिना संपला की खतावणी करा. रोजकीर्दीतली प्रत्येक ओळ उचलून तिच्या खात्यावर न्या. खाती आधी पाडू नका, ओळी वाचता वाचता ती आपोआप पडतात. माझी तीन मोठी खाती निघाली : कुणाला शिकवणं, हाताने करणं आणि कुणाजवळ नुसतं बसून राहणं. चार महिन्यांची बेरीज केली तेव्हा 'शिकवणं' सगळ्यांत मोठं. खरेदीचं खातं जवळजवळ रिकामं. त्या वेळी आम्ही पुण्यात मुलाच्या घराजवळ दुसरा फ्लॅट बघत होतो, आणि फ्लॅट बघायला गेलेल्या पाच दिवसांपैकी एकाही दिवसाची ओळ वहीत जमेला नव्हती. पाचही शून्यं. मी ह्यांच्यासमोर वही ठेवली. त्यांनी दोनदा वाचली, मग म्हणाले, "नको घ्यायला." आता मंगळवारी आणि शुक्रवारी बचतगटाच्या बायका आमच्या ओसरीवर हिशेब शिकायला येतात.

'आता माझं काम संपलं' असं मनात येतं त्या दिवशी मी ताराराणींच्या वाड्याच्या अवशेषांपाशी बसते. 1700 मध्ये राजाराम महाराज गेले तेव्हा त्या पंचविशीत होत्या. त्याच वर्षी हा गड औरंगजेबाने घेतला आणि त्याचं नाव आझमतारा ठेवलं. पुढे मराठ्यांनी तो परत जिंकला आणि अजिंक्यतारा हे नाव मिळालं. ताराराणी 1761 मध्ये साताऱ्यातच वारल्या, वय 86. त्या पडक्या जोत्याजवळ बसून माझ्या वयाचा विचार केला की पाठ आपोआप ताठ होते.

खतावणी करताना काही ओळी कुठल्याच खात्यात बसणार नाहीत. त्यांना ओढूनताणून बसवू नका. आमच्याकडे ज्या रकमेचा उगम कळत नसे ती उचंत खात्यात ठेवायचे, कळली की हलवायची. वहीच्या शेवटच्या पानावर तसं उचंत खातं उघडा. माझ्या त्या पानावर आज सात ओळी आहेत. सगळ्यांत वरची आहे, 'मुंगीने कण ठेवला आणि पायाने दाबला.' वर्ष होत आलं, अजून मी ती हलवलेली नाही.