थंडी पडली, दुसऱ्याचं ओलं जाळं तळ्यात पडू देऊ नका

दिवाळी झाली, रात्री पांघरूण लागायला लागलं की मला आमच्या भंडारा-गोंदियाकडच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांची आणि गावोगावी झालेल्या शेततळ्यांची काळजी लागते, कारण पाणी २०-२२ डिग्रीच्या आसपास आलं की माशांवर लाल चट्टे दिसायला लागतात आणि तिथून आठ-पंधरा दिवसांत तळ्याची वाट लागते. वर्षभर खाद्य घालून पोसलेला माल ऐन विक्रीच्या टायमाला खड्ड्यात पुरावा लागतो. मी हे इतक्यांदा बघितलंय की आता तळ्यावर गेलो की पहिला प्रश्न एकच विचारतो, इथं शेवटचं जाळं कुणाचं पडलं आणि ते आदल्या दिवशी कुठं होतं?

बहुतेकांना माहीतच नसतं. व्यापाऱ्याची टोळी सकाळी टेम्पोतून येते, मागं ओलं ओढजाळं गुंडाळलेलं, कालच्या तळ्याची शेवाळ त्याला तशीच लोंबतेय, दोन ओढी मारून मोठा माल काढतात आणि बारका परत सोडून देतात. त्या ओढीत बारक्या माशांची खवलं निघतात, अंगावर खरचटतं, आणि त्याच जखमेला कालच्या तळ्यातला रोग चिकटतो. पैसे मोजून घेताना आपण खूश असतो. पंधरा दिवसांनी काठाला सुस्त मासे दिसायला लागले की मग धावपळ.

लाल चट्ट्याचा जो खरा वाईट रोग आहे, ज्याला ईयूएस (एपिझूटिक अल्सरेटिव्ह सिंड्रोम) म्हणतात, तो भारतात १९८८ ला ईशान्येकडून शिरला. अफॅनोमायसिस नावाची पाण्यातली बुरशी असते, तिची बारीक बीजं पाण्यात पोहत पोहत माशाच्या कातडीला चिकटतात आणि आत मांसात शिरतात. थंडीत माशाची ताकद कमी पडते म्हणून तेव्हाच ती जिंकते. आधी लाल ठिपका, मग खवलं गळून खोल जखम, आतलं मांस दिसतं. मरळ आणि तळ्यातले बारीक गावठी मासे आधी धरतात, मग मृगळ. सायप्रिनस (कॉमन कार्प) आणि तिलापियाला सहसा काही होत नाही. म्हणून काठाचे बारीक गावठी मासे रोज बघत जा, त्यांच्यावर चट्टा दिसला की तुमच्या रोहू-मृगळकडं फार दिवस नाहीत असं समजा. हा माझा अनुभव आहे, पुस्तकातलं नाही.

दुसरी गोष्ट माशावरची ऊ, आर्गुलस. चपटी, गोल, मसुराच्या डाळीएवढी, पारदर्शक असते म्हणून पटकन दिसत नाही, रोहूच्या पंखाच्या मुळाशी आणि पोटाखाली नीट बघावं लागतं. रक्त पिते, मासा अंग घासतो, पाण्याबाहेर उड्या मारतो, आणि लोक म्हणतात मासे खेळतायत! तिसरा लर्निया, दोऱ्यासारखा अंगातून बाहेर लटकलेला दिसतो, तोंड आत मांसात रुतलेलं. हे सगळे ओल्या जाळ्यातून आरामात प्रवास करतात, आणि सगळे कडक उन्हात वाळून मरतात.

म्हणून जाळं वाळवा. वाळवा म्हणजे वरवर नाही. थंडीतलं ऊन कमी असतं, जाळीचा दोरा दुपारपर्यंत सुकतो पण गाठी, खालची वजनाची दोरी आणि मधला खोळ ओलाच राहतो, हात घालून बघा. मी दोन पूर्ण दिवस पसरून ठेवतो, मधे एकदा पलटतो. आणि संध्याकाळी उचलून आत ठेवायचं, बाहेर राहिलं की पहाटेच्या दवानं परत भिजतं आणि सगळी मेहनत फुकट. आभाळ आलं तर दिवस वाढवा, नाहीतर १०० लिटर पाण्यात १०० ग्रॅम ब्लीचिंग पावडर कालवून तासभर बुडवा, तळ्यापासून लांब नेऊन भरपूर पाण्यानं धुवा आणि मग वाळवा. ब्लीचिंगचं पाणी तळ्यात जाता कामा नये, मासे मरतात.

व्यापारी म्हणतो वेळ नाही, उद्या दुसरीकडं जायचंय. मग त्याला सांगा आमच्याच जाळ्यानं ओढा. मच्छीमार संस्थेचा तलाव असेल तर संस्थेनं स्वतःचं एक ओढजाळं घेऊन ठेवावं, शेततळ्यावाल्या चार-पाच जणांनी मिळून घेतलं तर त्यातही आलटूनपालटून वाळवूनच वापरायचं. टोपल्या, हंडे, बादल्या, मासे मोजायचा कपडा यांनाही तेच लागू.

आता चुना, कारण तो थंडीआधीच टाकायचा असतो. सरकारी हिशोब हेक्टरी २०० किलोच्या आसपास, म्हणजे ३० बाय ३० मीटरच्या शेततळ्याला १८ किलो, एक गोणीसुद्धा लागत नाही. आदल्या रात्री ड्रममधे भिजवून गार करायचा आणि सकाळी सगळीकडं शिंपडायचा. आधी पाण्याचा पीएच बघा, साडेआठच्या वर असेल तर टाकू नका. प्लास्टिक अंथरलेल्या तळ्यात खाली माती नसते, पीएच झपकन चढतो, तिथं मी अर्धाच टाकतो आणि आठवड्यानं उरलेला. आमच्याकडचे जुने लोक चुन्यात दोन मुठी हळद घालतात, मीही घालतो, तोटा कधी दिसला नाही.

चट्टे दिसलेच तर भुवनेश्वरच्या सिफा या मत्स्यसंशोधन संस्थेनं काढलेलं सिफॅक्स नावाचं औषध आहे, हेक्टर-मीटर (म्हणजे १० हजार घनमीटर) पाण्याला १ लिटर. ३० बाय ३० बाय ३ मीटरच्या भरलेल्या तळ्यात साधारण २००० घनमीटर पाणी बसतं, त्याला २०० मिली पुरतं. दुकानदार पाच बाटल्या हातात देतो, एक अँटिबायोटिक, एक टॉनिक, एक प्रोबायोटिक, एक ऊ मारायचं आणि एक कशाचं ते त्यालाही माहीत नसतं, तेही मोबाईलवरचा फोटो बघून. बुरशीवर अँटिबायोटिक चालत नाही हे त्याला कोण सांगणार. मॅलाकाईट ग्रीन तर खाण्याच्या माशात वापरायला मनाईच आहे, कुणी दिलं तर घेऊ नका. ऊ मारायची जी औषधं आहेत ती कपाशीवर मारायच्या जातीची, मापात जरा चुकलं तर माशाचं नैसर्गिक खाद्य असलेले पाण्यातले बारीक जीव मरतात, झिंगे असतील तर तेही जातात. मत्स्य विभागाच्या माणसाला जिवंत, चट्टे असलेला मासा दाखवल्याशिवाय औषध ओतू नका, मेलेला कुजका मासा नेऊन उपयोग नाही. आणि पहाटे सगळेच मासे वर तोंड काढून आ वासत असतील तर तो रोग नाही, ऑक्सिजन कमी पडलाय, पंप लावून पाणी फिरवा, औषध टाकलंत तर जास्त मरतील.

बाकी रोजची कामं:
– खाद्य कमी, गार दिवसांत निम्म्यावर, दुपारच्या उन्हात
– पंधरा दिवसांतून एकदा स्वतःचं वाळलेलं फेकजाळं टाकून १०-१५ मासे हातात घेऊन बघणे
– पाणी येतं तिथं बारीक जाळी, गावठी मासे आत येऊ नयेत
– नवीन बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम खडे मीठ घालून मिनिट-दीड मिनिट बुडवून मगच सोडणे, तडफडली की लगेच काढणे
– थंडीत ओढ कमी, निवडानिवड तर नकोच
– मेलेले मासे रोज काढून चुना घालून लांब पुरणे, बांधावर टाकलेत की कावळे-बगळे दुसऱ्या तळ्यात नेतात

उवेसाठी एक स्वस्तातला उपाय. आर्गुलस अंडी माशावर घालत नाही, दगड, काठी, प्लास्टिकची घडी अशा कडक जागेवर ओळीनं चिकटवते. तळ्यात सात-आठ जाड बांबू उभे रोवा, आठवड्यातून एकदा बाहेर काढा, खरवडा, दोन दिवस उन्हात ठेवा आणि परत लावा. वाळले की अंडी मरतात. बांबूचे दोन सेट ठेवलेत तर एक उन्हात, एक पाण्यात, खाडा पडत नाही. थंडीत अंडी उशिरा फुटतात, म्हणून होळीपर्यंत हे चालू ठेवा.