पायथनमध्ये मराठी शब्द शोधताना: ‘कर’ हवा, ‘करून’ नको

समजा, पाणी, कचरा, मालमत्ता कर अशा विषयांवरच्या काही हजार मराठी तक्रारी विषयवार लावायच्या आहेत. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेसोबत येणारं, मजकुरात नमुने शोधणारं ‘री’ (re) मॉड्यूल त्याला पुरतं.

इंग्रजी मजकुरासाठी शब्दाच्या दोन्ही टोकांना ‘बॅकस्लॅश बी’ (\b, म्हणजे ‘इथे शब्दाची हद्द’) लावायला शिकवतात. मराठीत ते लावू नका. मी लावलं होतं, आणि ‘दुरुस्ती करून द्या’ लिहिणारा प्रत्येक जण कराच्या यादीत जाऊन बसला. ‘री’ काना, मात्रा, वेलांटी, उकार यांना अक्षरात धरतच नाही, त्यामुळे ‘करून’मधल्या ‘र’नंतर उकार दिसला की त्याच्या लेखी शब्द संपला. उलट ‘पाणी येत नाही’ यातलं ‘पाणी’ सापडत नाही, कारण शेवटची वेलांटी आणि पुढची मोकळी जागा त्याला सारखीच. तेच ‘पाणी’ ‘पाणीपट्टी’त मात्र सापडतं!

म्हणून हद्द आपणच आखायची:

(?<![ऀ-ॿ])(?:कर|करात|कराचे)(?![ऀ-ॿ])

चौकटी कंसात युनिकोडच्या देवनागरी विभागातलं पहिलं आणि शेवटचं चिन्ह आहे. शब्दाच्या आधी देवनागरी चिन्ह नको, नंतरही नको, एवढाच याचा अर्थ. ‘कर’ची रूपं अशी एकेक लिहावी लागतात, शेवट मोकळा सोडला तर ‘करा’, ‘करतो’ सगळंच आत येतं.

बाकीच्या शब्दांचा शेवट खुशाल मोकळा ठेवा, म्हणजे विभक्तीची रूपं आपोआप मिळतात:

(?<![ऀ-ॿ])(?:पाणी|पाण्या|कचरा|कचऱ्या|रस्त)

‘रस्त’मध्ये रस्ता, रस्ते, रस्त्यावर हे सगळे आले. ‘पाण’ लिहून मात्र काटकसर करू नका, ‘पाणउतारा’ही सापडेल.

‘कचऱ्या’ची एक मेख आहे. जुन्या पद्धतीनं टंकलेला ‘कचर्‍या’ डोळ्यांना तसाच दिसतो, पण आत ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह असतं. शोधण्याआधी ‘र्‍’च्या जागी ‘ऱ्’ घालून घ्या.

आता वेग. प्रत्येक शब्दासाठी मजकूर पुन्हा पुन्हा चाळू नका. एका विषयाचे सगळे शब्द उभ्या रेघेनं जोडून एकच नमुना करा, तो लूपच्या बाहेर एकदाच ‘कंपाइल’ करा, म्हणजे वापरासाठी तयार करून ठेवा, आणि ‘फाइंडआयटर’नं (finditer) एकेक जुळणी घ्या. शब्द हजारोंच्या घरात गेले तर ‘री’चा हट्ट सोडा: १९७५ साली मांडलेली अहो-कोरासिक पद्धत सगळे शब्द एकाच फेरीत शोधते.