उन्हाळ्यासाठी क्रोशाचा जाळीदार बंडाना

नाशिकच्या एप्रिल-मेच्या उन्हात डोक्याला लोकर नकोच, घामाने ती चिकटते. मेन रोडला किंवा रविवार कारंज्याला खरेदीला गेलात की बारीक सुती दोराच मागा. ३० ते ४० ग्रॅम पुरतो. सुई ३ मिमीची. त्याहून बारीक घेतली तर जाळी ताठ होते आणि कापडासारखी पडत नाही.

४ साखळ्या घाला, पहिल्या साखळीत २ खांब (सुईवर दोऱ्याचा एक वेढा घेऊन विणलेला उंच टाका). सुटलेल्या ३ साखळ्या म्हणजे एक खांब, असे एकूण ३. पुढची प्रत्येक ओळ अशी: ३ साखळ्या, त्याच टाक्यात २ खांब, मग १ साखळी, १ टाका सोडून पुढच्यात १ खांब, असे शेवटपर्यंत, शेवटच्या टाक्यात ३ खांब. साखळ्या धरून टाके ३, ७, ११ असे चारने वाढतात. १८ ओळींनंतर ७१ हवेत.

नवशिक्यांचा त्रिकोण एका बाजूला कलतो तो बहुतेक वेळा एकाच जागी चुकल्यामुळे. ओळीचा शेवटचा टाका म्हणजे आधीच्या ओळीच्या सुरुवातीच्या ३ साखळ्यांचा माथा. तो कडेला मागे दुमडून लपतो. नखाने पुढे ओढा आणि सुई त्यातच घाला. दर ओळीला टाके मोजाच. पाच ओळी उसवण्यापेक्षा ते सोपे.

बंदासाठी ६० साखळ्या घालून त्यांवर मुके खांब (वेढा न घेता विणलेले बुटके टाके) परत आणा, तसेच वरच्या कडेवरून सैल हाताने जा, दुसरा बंद तसाच. शेवटी ओला करून टॉवेलवर टाचण्यांनी ताणून सावलीत वाळवा, जाळी उघडते.