रोममध्ये नव्याने आलेल्यांसाठी : जेवणात ‘कोंतोर्नो’ कसा निवडावा

रोममध्ये भाजी मुबलक मिळते, पण ती जेवणात नेमकी कुठे बसते हे आपल्या माणसाला लवकर उमगत नाही. आपण भाजी पोळीशी खातो. इथे पास्ता, म्हणजे ‘प्रिमो’, आधी आणि एकटाच येतो, त्यानंतर मांस, मासे, अंडी किंवा चीज यांचा ‘सेकोंदो’ येतो, आणि त्याच्या जोडीची भाजी, म्हणजे ‘कोंतोर्नो’, बहुधा वेगळी मागवावी लागते व तिचे पैसेही वेगळे पडतात. म्हणून सेकोंदो ठरल्याशिवाय कोंतोर्नो ठरवू नये.

कोकराच्या भाजलेल्या मांसासारखा चरबीचा पदार्थ असेल, तर कडू पाला घ्यावा. रोमची ‘चिकोरिया रिपास्साता’ मला यात सर्वांत जवळची वाटते. चिकोरी देठ मऊ होईपर्यंत उकडतात, घट्ट पिळून पाणी काढतात आणि ऑलिव्ह तेलात लसूण व सुकी लाल मिरची टाकून पुन्हा परततात. मेथीच्या कडूपणावर वाढलेल्या जिभेला ही भाजी पहिल्या घासातच ओळखीची वाटते. सेकोंदो टोमॅटोच्या रश्शातला असेल, तर ढोबळी मिरची आणि टोमॅटोची ‘पेपेरोनाता’ शेजारी घेऊ नये, कारण दोन्हींचा आंबटगोडपणा एकमेकांत मिसळून एकही चव धड उरत नाही. तिथे साधी हिरवी कोशिंबीर पुरते. नाजूक चवीच्या माशाला उकडलेले बटाटे किंवा कच्ची फिनोक्कियो, म्हणजे बडीशेपेचा कांदा, शोभतो.

दुसरा निकष ऋतूचा. हिवाळ्यात ‘पुंतारेल्ले’ येतात: चिकोरीचे कोवळे कोंब उभे बारीक चिरून गार पाण्यात टाकले की ते आपोआप कुरळे होतात. फेब्रुवारी ते एप्रिल हे आर्टिचोकचे, म्हणजे भाजी म्हणून खातात त्या फुलाच्या कळीचे, दिवस. तेव्हा रोमच्या तेस्ताच्चो भागातल्या मंडईसारख्या मंडईत जरूर जावे. विक्रेते आर्टिचोकची जून पाने सोलून गाभा लिंबाच्या पाण्यात टाकून ठेवतात, म्हणजे तो काळा पडत नाही. मंडईत भाजी स्वतः हाताळू नये, विक्रेत्यालाच मागावी; ‘ओदोरी’ मागितल्यास पुष्कळ जण सेलरी, गाजर आणि पार्सलीची छोटी जुडी तशीच देतात, जशी आपल्याकडे भाजीवर कोथिंबीर मिळते.

शाकाहारी मंडळींनी मात्र सावध राहावे. पुंतारेल्लेच्या मसाल्यात ‘आच्चूगे’, म्हणजे खारवलेले छोटे मासे, वाटलेले असतात आणि वाटाण्याच्या भाजीत डुकराच्या गालाचे मांस, ‘ग्वांचाले’, अनेकदा असते. म्हणून मागवण्यापूर्वी ‘सेंत्सा आच्चूगे’, ‘सेंत्सा ग्वांचाले’ असे स्पष्ट सांगावे. भाजलेले स्कामोर्त्सा चीज आणि चिकोरिया हे त्यांच्यासाठी पूर्ण जेवण होते. केवळ पास्ता आणि भाजी घेणार असाल, तर ‘इन्सिएमे’, म्हणजे एकत्र आणा, असे आधीच सांगावे, नाहीतर पास्ता संपेपर्यंत भाजी स्वयंपाकघरातच थांबते.