बिघडलेली पाटोडी पुन्हा करताना

पाटोडी, म्हणजे बेसन शिजवून थापलेली वडी, रश्शात विरघळली, की पुढच्या वेळी काय होते ते मी गावात घरोघरी पाहिले आहे. बेसन दुसऱ्या दुकानातून येते, पाणी कमी होते, कोणीतरी सांगितले म्हणून चिमूटभर सोडा पडतो, आणि शिवाय रश्शात खोबरे वाढते. आता पाटोडी जमली तर कशाने जमली ते कळत नाही, बिघडली तर कशाने बिघडली तेही नाही. तिसऱ्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

पदार्थ दुसऱ्यांदा करताना सुधारायचा असेल तर त्याला एक रीत आहे. ती मी पाटोडीवर सांगते, कारण आमच्या विदर्भात पाहुणा आला की हीच होते आणि ऐन पाहुण्यापुढेच फसते. गोळाभात असो की भरीत, रीत तीच.

आधी लिहा

त्याच रात्री, भांडी घासायच्या आधी. कृतीत काय होते ते लिहू नका, आपण खरोखर काय टाकले ते लिहा. बेसन कोणत्या वाटीने मोजले, चाळायच्या आधी की नंतर (चाळलेले पीठ फुगते, वाटीत कमी मावते), पाणी किती, गॅस होता की चूल. "अंदाजानं टाक वं" हे सासूबाईंच्या हाताला शोभते, कारण त्यांची वाटी, गंज (पातेले) आणि चूल वर्षानुवर्षे तीच आहे. तुमचे तसे नसेल तर मोजा.

मग बिघाड कुठे आहे ते शोधा

सगळे काम इथे आहे, आणि याच पायरीवर लोक उडी मारून पुढे जातात. माझेही घोडे इथेच अडत असे. अडचण अशी, की बिघाड दिसतो शेवटी आणि झालेला असतो सुरुवातीला. पाटोडी फुटते रश्शात, म्हणून सगळे रश्शाला धरतात. रस्सा फार उकळला, रस्सा पातळ झाला. मग रस्सा दाट करायला त्यात बेसन लावतात. हे मात्र कधीच करू नका. रश्शाचे पिठले होते आणि पाटोडी फुटायची ती फुटतेच.

भांडण सोडवायचे तर दोघांना वेगळे करा. थंड झालेल्या पाटोडीचा एक तुकडा वाटीभर कडक गरम पाण्यात टाका आणि तेवढ्या वेळात एखादी भाकरी थापून घ्या. परत येऊन पाहा. पाणी जवळजवळ स्वच्छ असेल आणि तुकड्याच्या कडा धारदार असतील, तर पाटोडी ठीक आहे. तुम्ही ती रश्शात टाकून उकळत ठेवली असणार. ती वाढतानाच ताटात घालायची आणि वरून रस्सा ओतायचा, एवढाच उपाय. पण पाणी पिवळट गढूळ झाले आणि बोटाने दाबल्यावर तुकडा चिखलासारखा पसरला, तर पीठ कच्चे आहे. रश्शाची काही चूक नाही.

पीठ कच्चे का राहते? कारण घट्ट होणे आणि शिजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फोडणीच्या उकळत्या पाण्यात कालवलेले बेसन पडले की दोनेक मिनिटांत गोळा होऊ लागतो, हात भरून येतो, आणि बाई म्हणते झाले. झालेले नसते. पिठाने पाणी धरलेले असते, पण आतपर्यंत ते फुललेले नसते. याच्यापुढे मंद आचेवर झाकण ठेवून पाच-सात मिनिटे वाफ लागते, मधेमधे सराट्याने (उलथण्याने) तळापासून उलटत. गोळा कढईची कड सोडतो, त्यावर तेलाची हलकी चमक येते, कच्च्या बेसनाचा वास जातो. शेवटची खात्री पाण्यात बुडवलेल्या बोटाने करा: गोळ्याला टेकवल्यावर बोटाला काही चिकटले नाही तरच उतरवा. चिकटले तर पुन्हा झाकण. घाई करणाऱ्याने पिठलेच करावे.

चुलीवर करणाऱ्यांना वेगळे सांगते. पऱ्हाटी (कापसाची वाळलेली झाडे) आणि तुराट्या (तुरीच्या काड्या) भडकन पेटतात आणि तितक्याच लवकर बसतात. त्या जाळावर गोळा खालून करपतो आणि वरून कच्चा राहतो. पाणी उकळेपर्यंत पऱ्हाटी चालेल, पण वाफेच्या वेळी जाळ बाहेर ओढा आणि बाभळीच्या निखाऱ्यावर कढई ठेवा. गॅसवर जमलेली कृती चुलीवर फसते ती बहुतेक इथेच.

पीठ नीट शिजूनही वड्या भेगाळल्या, तर गोळा थापायला उशीर झाला. तेल लावलेली परात आधीच तयार पाहिजे. गोळा गरम असतानाच ओल्या वाटीच्या बुडाने दाबून पसरवायचा. वड्या रबरासारख्या झाल्या तर पाणी कमी. एक वाटी बेसनाला दीड वाटी पाण्यापासून सुरुवात करा, लागलेच तर पावणेदोन. सोडा कशालाच नको. तो वडी जाळीदार करतो आणि जाळीतून रस्सा शिरला की वडी गेली.

रश्शाचा बिघाड शोधणे सोपे. कडवट लागला तर खोबरे काळे केले किंवा दगडफूल जास्त पडले. खोबरे तांबूस झाले की उतरवा, ते गरम तव्यावर पुढेही भाजत राहते. तर्री आली नाही तर वाटणाने तेल सोडायच्या आधी पाणी ओतले असेल, आणि तेही थंड. रंग फिका आला तर तिखट जुने आहे. नवी मिरची उन्हाळ्याच्या तोंडी येते, आणि वर्षाच्या शेवटी डब्यातल्या त्याच तिखटाचा रंग उडालेला असतो. चैत्रातले दोन चमचे आणि पौषातले दोन चमचे एक धरू नका. भिवापूरची मिरची मिळाली तर तिचा झणका वेगळा, प्रमाण पुन्हा पाहावे लागते.

एकच गोष्ट बदला

बिघाड सापडला की तेवढेच बदला. बाकी सगळे जसेच्या तसे, बेसनसुद्धा त्याच पुड्यातले. आपल्या डाळीचे चक्कीवरून दळून आणलेले आणि पाकिटातले बेसन सारखे पाणी पीत नाही. रवाळ दळले तर आणखीच फरक. म्हणून बेसन बदलले तर तो एक पूर्ण बदल झाला, त्या दिवशी दुसरे काही बदलू नये.

प्रयोगाला पूर्ण स्वयंपाक मांडायची गरज नाही. पाव-पाव वाटी बेसनाचे दोन गोळे करा, एक जुन्या पद्धतीने, दुसरा बदल करून. दोन्ही गरम पाण्यात टाकून पाहा. रस्सा करायचाच नाही. उरलेल्या वड्या सांबार भुरभुरून मुले संपवतात. (पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी: आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर.)

मीठ याला अपवाद. मीठ चुकले असेल तर ते मुकाट्याने दुरुस्त करा.

जेवणाऱ्यांना विचारताना

"कशी झाली" विचारलेत तर "मस्त" ऐकायला मिळेल, आणि त्याचा काडीचा उपयोग नाही. तिखट जिभेला लागते की घशाला, असे विचारा. घशाला लागले तर मिरी-लवंग कमी करा, जिभेला लागले तर मिरची. रस्सा दुसऱ्यांदा मागितला की नुसत्या वड्या वेचून खाल्ल्या, तेही ताटात दिसतेच. आणि पाचजणांनी पाच गोष्टी सांगितल्या तर ज्याच्यासाठी करता त्याचे ऐका, बाकीच्यांना अजून एक भाकरी वाढा.

जास्त माणसांसाठी करताना

जमलेली कृती मोठ्या गंजात पुन्हा बिघडते. चार माणसांचे प्रमाण दहापट करून चाळीस माणसांचे होत नाही. मोठ्या गंजातल्या रश्शाचे पाणी त्या मानाने कमी आटते, म्हणून पाणी हात राखून घाला आणि गरम पाण्याचे पातेले शेजारी ठेवा. लवंग, मिरी, दगडफूल हिशेबापेक्षा कमी टाका, चव पाहून वाढवा. बेसनाचा गोळा मात्र एका कढईत कधीच घाटू नका. दोन-तीन वाट्यांचे घाणे करा, म्हणजे तळापर्यंत सराटा फिरेल आणि वाफ सगळीकडे लागेल. वड्या सकाळीच पाडून परातीत झाकून ठेवल्या तरी चालतात. पंगत बसली की ताटात आधी वड्या, मग उकळता रस्सा.