शेतीच्या धबडग्यात वचन आणि प्रार्थना : शेतकरी कुटुंबासाठी मार्गदर्शन

रोज पहाटे ठरलेल्या वेळी उठावे, एकांतात बसावे, एक अध्याय वाचावा आणि अर्धा तास प्रार्थना करावी, असा सल्ला ख्रिस्ती कुटुंबांना नेहमी दिला जातो. सल्ला चांगलाच आहे. मात्र ज्याचा दिवस घड्याळापेक्षा गुरे, पाणी आणि हवामान यांच्यावर चालतो, त्याच्या घरी तो फार दिवस टिकत नाही. पेरणीला वाफसा आला की त्या दिवशी दुसरे काहीच सुचत नाही, पाण्याची पाळी मध्यरात्री येते, गाय नेमकी पहाटे विते, आणि मग चार दिवस खंड पडला की आपली श्रद्धाच कमी पडली असे वाटून माणूस तो नेम पूर्णपणे सोडून देतो. बहुतेक वेळा श्रद्धा जागेवरच असते. चुकलेली असते ती वेळेची मांडणी. ती कशी बदलावी, काय वाचावे आणि वाचलेले बांधावर कसे उतरवावे, याविषयी हे लेखन आहे.

वेळ ठरवू नका, काम ठरवा

पवित्र शास्त्रातील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात देवाची वचने मुलाबाळांच्या मनावर बिंबवण्याची आज्ञा आहे. तेथे तास दिलेले नाहीत, प्रसंग दिलेले आहेत: घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना. हे चारही प्रसंग पेरणीच्या दिवशीही चुकत नाहीत. म्हणून प्रार्थना अशा कामाला जोडावी जे काहीही झाले तरी करावेच लागते. धार काढणे, शेताकडे चालत जाणे, पाणी दिल्यावर बांधावर टेकणे, रात्री गोठ्याचे दार लावणे, यांपैकी कोणतीही दोन कामे निवडावीत आणि निदान एक हंगामभर ती बदलू नयेत.

सुरुवातीला प्रार्थना लहानच असावी. पहिल्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या काळातील ‘दिदाखे’ या लहानशा शिक्षणग्रंथात प्रभूची प्रार्थना, म्हणजे येशूने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना, दिवसातून तीन वेळा करावी, एवढेच सांगितले आहे. स्तोत्रसंहितेतील, म्हणजे पवित्र शास्त्रातील 150 स्तोत्रांच्या संग्रहातील, पंचावन्नाव्या स्तोत्राचा कर्ताही संध्याकाळ, सकाळ आणि दुपार अशा तीन वेळा सांगतो. प्रभूची प्रार्थना सावकाश म्हणायला एक मिनिटही लागत नाही. ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ येथे मात्र थोडे थांबावे आणि त्या दिवसाचे जे काम समोर आहे त्याचे नाव घ्यावे. ‘आजची फवारणी’, ‘आजचा बाजार’, ‘लंगडणारा बैल’ असे साधे शब्द पुरेत. प्रार्थनेत भारदस्त भाषा आली पाहिजे हा समज घरातल्या अनेकांना, विशेषतः बायकांना आणि मुलांना, गप्प करतो. तो आधी काढून टाकावा.

वाचनासाठी स्तोत्रसंहितेपासून आरंभ करणे सर्वांत सोपे. रोज एक स्तोत्र घ्यावे. एकशे एकोणिसावे स्तोत्र 176 वचनांचे असल्यामुळे ते एका दिवसात झेपत नाही, पण त्याचे आठ-आठ वचनांचे 22 भाग मुळातच पाडलेले आहेत. रोज एक भाग घेतला तर संपूर्ण स्तोत्रसंहिता 171 दिवसांत, म्हणजे साधारण पेरणीपासून कापणीपर्यंत, वाचून होते. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन स्तोत्रे वाचून भरपाई करण्याच्या फंदात पडू नये. जेथे खूण ठेवली आहे तेथूनच पुढे चालावे.

एक उतारा कसा वाचावा

बाराव्या शतकातील कार्थुसियन संन्यासी दुसरा गीगो याने वचनवाचनाच्या चार पायऱ्या सांगितल्या: वाचन, मनन, प्रार्थना आणि देवाच्या सान्निध्यात शांत राहणे. मठासाठी सांगितलेली ही रीत शेतावरही चालते, कारण मननाचा भाग हात कामात असतानाही करता येतो. मार्कच्या चौथ्या अध्यायातील 26 ते 29 ही वचने घेऊन ती करून पाहू. हा दाखला चार शुभवर्तमानांपैकी, म्हणजे येशूच्या चार चरित्रग्रंथांपैकी, फक्त मार्कमध्येच आहे आणि शेतकऱ्याला तो पहिल्याच वाचनात कळतो.

सकाळी तो दोन वेळा मोठ्याने वाचावा. दुसऱ्या वाचनात कोण काय करतो एवढेच पाहावे. माणूस बी टाकतो. मग तो रात्री झोपतो, दिवसा उठतो. बी रुजते आणि वाढते, ते कसे हे त्याला कळत नाही. जमीन आपोआप पीक देते: आधी अंकुर, मग कणीस, मग कणसात भरलेला दाणा. पीक तयार होताच तो विळा घालतो. म्हणजे माणसाच्या वाट्याला आरंभ आणि शेवट ही दोन कामे आली आहेत आणि मधल्या सर्व काळात त्याची झोप आणि त्याचे उठणे एवढेच सांगितले आहे.

आता दिवसभर एकच प्रश्न मनात घोळू द्यावा: माझ्या आयुष्यात असे काय आहे की जे मी पेरले आहे, पण ज्याची वाढ माझ्या हातात नाही? कोणाला शिकायला दूर गेलेला मुलगा आठवेल, कोणाला भावाशी नुकतेच सुरू झालेले बोलणे. उत्तर ओढून काढू नये. खुरपताना किंवा पाणी धरताना ते आपोआप वर येते. संध्याकाळी त्याच गोष्टीसाठी दोन वाक्यांत प्रार्थना करावी आणि मग काही क्षण काही न मागता बसावे. चौथी पायरी ती हीच, आणि दमलेल्या माणसाला तिच्यात डुलकी लागली तरी हरकत नाही. दाखल्यातला पेरणाराही झोपतोच.

येथे एक सावधगिरी हवी. याच वचनांवरून ‘देव करील, आपण काही करायला नको’ असा अर्थ काढणारे भेटतात. त्यांच्यासाठी लूकच्या तेराव्या अध्यायातील अंजिराच्या झाडाचा दाखला शेजारी ठेवावा. तीन वर्षे फळ न देणारे झाड तोडून टाका असे मालक म्हणतो, तर माळी आणखी एका वर्षाची मुदत मागतो आणि त्या वर्षात आळे खणून खत घालण्याची जबाबदारी स्वतःवर घेतो. यशयाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायाच्या शेवटी तर शेतकऱ्याचे कसब हेच देवाने दिलेले शिक्षण आहे असे म्हटले आहे: नांगरट सतत चालू राहत नाही, प्रत्येक बियाण्याला त्याची जागा असते, आणि जिरे जड मळणीच्या औताने मळत नाहीत तर काठीने झोडतात. माती-परीक्षण करून घेणे किंवा जनावराच्या डॉक्टरला बोलावणे यात विश्वासाची उणीव नाही, हे या उताऱ्यावरून घरातल्या तरुणांना समजावता येते.

पवित्र शास्त्रातील शेतीचे वेळापत्रक एकदा समजून घेतले की पुष्कळ उतारे स्पष्ट होतात. त्या प्रदेशात उन्हाळा कोरडा असतो; ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास आगोटीचा पाऊस आला की नांगरट आणि पेरणी, मार्च-एप्रिलमध्ये वळवाच्या पावसावर दाणा भरणे, त्याच सुमारास सातूची कापणी आणि त्यानंतर गव्हाची. सून रूथ आणि सासू नामी बेथलेहेमात पोचल्या तेव्हा सातूचा हंगाम सुरू झाला होता आणि रूथ गव्हाची कापणी संपेपर्यंत सरवा वेचत होती, असे ग्रंथात आहे; म्हणजे ती एका दिवसाची गोड गोष्ट नसून अनेक आठवड्यांच्या मोलमजुरीची हकीकत आहे. याकोबाचे पत्र पहिल्या आणि शेवटच्या पावसाची वाट धीराने पाहणाऱ्या शेतकऱ्याचे उदाहरण देते, तेव्हा तो धीरही काही महिन्यांचा असतो.

बांध, मजुरी आणि दुसऱ्याचे जनावर

वचन आणि गावातला व्यवहार यांची गाठ जेथे पडते ती जागा आपण सहसा टाळतो. सांत्वनाची वचने भिंतीवर लावली जातात, पण ‘आपल्या शेजाऱ्याच्या शेताची खूण सरकवू नको’ हे अनुवादातील वचन कोणी लावलेले दिसत नाही. माझ्या मते ग्रामीण ख्रिस्ती कुटुंबाने आठवड्यातून एकदा, शक्यतो शनिवारी रात्री, उपासनेच्या तयारीचा भाग म्हणून नेमकी हीच वचने वाचावीत. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात प्रभू येशू म्हणतो की, वेदीजवळ अर्पण आणल्यावर भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी समेट करावा. समेटासाठी जायचे तर ते रविवारी सकाळी घाईत होत नाही. त्यासाठी शनिवार बरा.

त्या रात्री कुटुंबप्रमुखाने, आणि हिशेब जिच्या हाती आहे तिनेही, स्वतःला काही साधे प्रश्न विचारावेत. या आठवड्यात कामावर आलेल्या कोणाची मजुरी राहिली आहे का? लेवीय 19:13 प्रमाणे मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याकडे ठेवायची नाही आणि अनुवाद 24:15 प्रमाणे ती सूर्य मावळण्याआधी द्यायची, कारण तो गरीब असून त्याचे मन तिच्यावर लागलेले असते. नांगरताना बांध आपल्या बाजूने वाढला की शेजाऱ्याच्या? आपली गुरे कोणाच्या पिकात शिरली का? निर्गमाच्या बाविसाव्या अध्यायात त्याची भरपाई आपल्या शेतातील उत्तम मालाने करावी असे आहे. हलका माल देऊन मिटवण्याची सोय ठेवलेली नाही. त्यापुढच्याच अध्यायात वैऱ्याचा बैल किंवा गाढव भटकताना दिसले तर ते त्याच्याकडे नेऊन पोचवावे, असे सांगितले आहे. ज्याच्याशी बोलणे बंद आहे त्याच्या दारात त्याचे जनावर घेऊन उभे राहणे म्हणजे काय, हे खेड्यात राहणाऱ्याला वेगळे समजवावे लागत नाही.

कापणीच्या वेळी शेताचे कोपरे अगदी टोकापर्यंत कापू नयेत आणि विसरलेली पेंढी आणायला परत जाऊ नये, या आज्ञाही अशाच अमलात आणता येतात. यंत्राने कापणी होत असेल तर सरवा फारसा उरत नाही. तेथे ठरावीक वाटा आधीच बाजूला काढावा, आणि तो कोणाला द्यायचा ते प्रार्थनेत नाव घेऊन ठरवावे, म्हणजे दान गावगप्पांचा विषय होत नाही.

रविवारच्या विसाव्याबद्दल थोडक्यात. निर्गम 34:21 स्पष्टपणे सांगते की नांगरणीच्या आणि कापणीच्या हंगामातही सातव्या दिवशी विसावा घ्यावा, आणि 23:12 मध्ये त्या विसाव्यात बैल, गाढव आणि घरातील चाकरही धरले आहेत. दुसऱ्या बाजूला, शब्बाथ दिवशी, म्हणजे विसाव्याच्या त्या सातव्या दिवशी, बैल सोडून पाण्यावर नेणे आणि विहिरीत पडलेला बैल वर काढणे यांना प्रभूने दोष दिलेला नाही. म्हणून दूध, चारा-पाणी आणि अडचणीत सापडलेले जनावर ही कामे निःशंक मनाने करावीत. सोमवारवर टाकता येण्याजोगे काम मात्र सोमवारवर टाकावे.

पाऊस नसताना, पीक गेल्यावर

पावसासाठी प्रार्थना जरूर करावी. याकोबाचे पत्र पावसासाठी प्रार्थना करणाऱ्या एलीया संदेष्ट्याचे उदाहरण देते आणि तो आपल्यासारखाच माणूस होता असेही सांगते. पण प्रार्थना केली म्हणजे आपल्याच शेतावर ढग थांबेल, असा हिशेब मांडू नये. देव नीतिमान आणि अनीतिमान अशा दोघांवरही पाऊस पाडतो, असे मत्तय 5:45 मध्ये आहे. तसेच, एखाद्याचे पीक गेले म्हणजे त्याच्या हातून काही पाप घडले असावे, ही कुजबुज मंडळीत मुळीच चालू देऊ नये. शिलोहाचा बुरूज पडून मेलेले अठरा जण इतरांपेक्षा अधिक अपराधी नव्हते, असे प्रभूनेच सांगितले आहे.

नुकसान झाल्यावर उपकारस्तुतीपासून आरंभ करण्याची सक्ती कोणावर करू नये. तेरावे स्तोत्र सहाच वचनांचे आहे आणि त्याचा क्रम वापरण्यास सोपा आहे: आधी ‘कोठवर?’ ही तक्रार, मग मागणी, मग भरवसा आणि शेवटी गीत. तक्रारीपाशीच आठवडाभर थांबावे लागले तर थांबावे. हबक्कूकाच्या तिसऱ्या अध्यायाचा शेवट अशा वेळी सर्वांना आठवतो, पण त्यात आनंदाच्या आधी नुकसानीची पूर्ण यादी आहे: अंजीर, द्राक्षवेल, जैतून, शेत, मेंढवाडा आणि गोठा. आपणही आपल्या नुकसानीची यादी देवासमोर नावानिशी वाचावी. कागदावर लिहिली तर पंचनाम्याच्या वेळीही ती उपयोगी पडेल.

शेजारच्या घरी असे काही घडले असेल तर वचन सांगायची घाई करू नये. सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ मुकाट्याने बसले, तोवर त्यांचे काहीच चुकले नव्हते. एलीया मरण मागत झाडाखाली निजला तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे दिले, पुन्हा निजू दिले आणि पुन्हा खायला उठवले. म्हणून डबा घेऊन जावे, गुरांना वैरण टाकावी, कर्जाच्या कागदपत्रांसाठी सोबत जावे. जगण्यात अर्थ नाही असे तो माणूस बोलू लागला तर त्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी घरच्यांना सांगून डॉक्टरकडे न्यावे. प्रार्थना वाटेत करता येते.

वाचता न येणारे आणि सुगीची प्रार्थना

ज्यांना वाचता येत नाही अशा वडीलधाऱ्यांना कुटुंब-प्रार्थनेत केवळ श्रोते करून ठेवू नये. मुलाने एक वचन वाचावे, आजीने ते मागोमाग म्हणावे आणि आठवडाभर तेच वचन चालू ठेवावे. महिन्याला चार वचने पाठ होतात आणि बहुधा आजीची आधी होतात. लहान मुलांसाठी 117 वे स्तोत्र घ्यावे, ते दोनच वचनांचे आहे.

सुगीनंतरच्या प्रार्थनेसाठी अनुवादाचा सव्विसावा अध्याय घ्यावा. त्यात प्रथमउपजाची टोपली आणणाऱ्याने काय म्हणायचे ते शब्दशः दिले आहे, आणि ते पिकापासून सुरू होत नाही; वाडवडिलांच्या भटकंतीपासून, दास्यापासून आणि सुटकेपासून सुरू होते. त्याच धर्तीवर घरातील सर्वांत वडील व्यक्तीने ही जमीन कशी मिळाली, कोणत्या वर्षी काय गेले आणि कोण मदतीला आले, हे मुलांसमोर सांगावे. तेथे लेवी (देवाच्या सेवेसाठी नेमलेल्या वंशातील माणूस) आणि परदेशी या दोघांनाही आनंदात सामील करून घ्यायला सांगितले आहे; म्हणून आपला वाटा कोठारात भरण्याआधी पाळकांचा, मजुरांचा आणि गावात बाहेरून आलेल्या कुटुंबाचा वाटा मोजून वेगळा ठेवावा आणि तो त्याच दिवशी पोचवावा.